माटोळीचं सामान आणायला गेलो आणि हे निळं प्रकरण दिसलं. कोणी ओळखेल का?

कुळागरातला
मंडळी, चवथीच्या दोन दिवस आधी मी आणि मामेभाऊ गोव्यात सत्तरी तालुक्यात रानात गेलो होतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळंफुलं बांधतात त्या चौकटीला, कांगलां आणि कवंडळं ही रानफळं हवी होती. बाजारात मिळतात, पण मामाचा नियम असा की निदान दोन वस्तू तरी स्वतः रानातून आणायच्या. सकाळचे अकरा वाजले असतील. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने जाताना समोरून काहीतरी निळं तरंगत आलं. उडालं म्हणवत नाही इतकं संथ. घाई नाही, भीती नाही.

मग एका पानावर बसलं, दोन्ही पंख सपाट पसरून, टॉवेल वाळत घातल्यासारखे. पंख धरून रुंदी चार बोटांची भरेल. रंग जांभळट निळा, पुढच्या पंखांची टोकं जास्त गडद, त्यात फिकट पांढुरके डाग, आणि सगळीकडे काळपट ठिपके. मामेभाऊ म्हणाला "पिसोळें", म्हणजे फुलपाखरू. मी म्हटलं फुलपाखरू असं बसत नाही. तिथून जो वाद सुरू झाला तो घरी येईपर्यंत चालला आणि कवंडळं आणायची राहून गेली. त्यावरून मामीचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

दोन फोटो दिले आहेत. तिसरा मामेभावाच्या अंगठ्याचा आहे, तो सोडून द्या.

शेवग्याची शेंग
फोटो दिसत नाहीत. नुसता राखाडी चौकोन येतोय.

कुळागरातला
परवानगी द्यायला विसरलो होतो. आता बघा.

पाऊलवाट
ब्लू मॉर्मन! महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं ते. आमच्याकडे सिंधुदुर्गात भरपूर दिसतं. धागा बंद करायला हरकत नाही.

झाडपाला
@पाऊलवाट, इतक्यात बंद नको. ब्लू मॉर्मन मुळात काळं. निळा रंग असतो तो मागच्या पंखांवर जास्त. शिवाय ते याच्यापेक्षा बरंच मोठं आणि भलतंच चळवळं, फुलावरचा मध पितानासुद्धा पंख फडफडतच असतात. टॉवेलसारखं पसरून बसायला त्याला वेळ कुठला? माझ्या मते हा ब्लू टायगर.

रात्रकिडा
झाडपाला, तुमचं नाव बरोबर आणि प्राणी चुकीचा. असं क्वचितच जमतं, म्हणून अभिनंदन. :)

ब्लू टायगर नावाचं फुलपाखरू आहे. काळपट तपकिरी अंगावर फिकट निळे पट्टे आणि ठिपके. पावसाळ्यात त्यांचे थवे स्थलांतर करतात, खुळखुळ्याच्या झाडांवर नरांची गर्दी होते. पण फोटोतला तो नव्हे. फोटोतला आहे ब्लू टायगर मॉथ, म्हणजे पतंग. शास्त्रीय नाव डिस्फानिया पर्कोटा. स्विन्हो यांनी 1891 मध्ये त्याचं वर्णन केलं.

फोटो मोठा करून मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, आगकाडीला गूल असतो तशी. याच्या मिशीला ती नाही. बसण्याची पद्धत कुळागरातला यांनी स्वतःच सांगितली आहे. ब्लू टायगर फुलपाखरू विसावलं की पाठीवर पंख मिटून घेतं, पुस्तक बंद केल्यासारखे. मामेभावाला सांगा, तुम्ही जिंकलात.

आणखी एक गोंधळ सांगून ठेवतो. 'टायगर मॉथ' म्हणून पतंगांचा एक वेगळाच मोठा गट आहे आणि हा त्यातलाही नाही. हा जिऑमेट्रिडी कुळातला. म्हणजे एकाच नावाचे तीन वाघ, तिघांचं एकमेकांशी सोयरसुतक नाही.

मीठभाकर
सत्तरीत वाघ या विषयावर आधीच पुरेशी भांडणं चालू आहेत. त्यात तुम्ही निळा वाघ सोडलात. आता याचंही राखीव क्षेत्र आखायचं म्हणाल.

काजूगर
वाघ राहू दे बाजूला. मला एवढंच सांगा, हा फळाला भोक पाडतो का? आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) तोरिंगांना, म्हणजे पपनसांना, बारीक भोकं पडतात, भोकाभोवती नरम होतं आणि आठ दिवसांत फळ खाली. शेजारचा सांगतो रात्री मोठा भगव्या रंगाचा पतंग येतो. हा त्याचाच भाऊ असेल तर दिसला की आधी मारीन आणि मग तुमचा धागा वाचीन.

रात्रकिडा
काजूगरभाई, हात आवरा, हा निर्दोष आहे.

तुमचा शेजारी सांगतो तो फळातला रस शोषणारा पतंग, युडोसिमा. बसला की सुकलेल्या पानासारखा दिसतो, कारण पुढचे पंख तसे असतात. मागचे पंख भगवे आणि त्यांवर काळे पट्टे, ते उडताना दिसतात. बहुतेक पतंगांची सोंड नरम, फुलातला मध ओढण्यापुरती. याची टोकाला टणक आणि खरखरीत, थेट साल भोसकते. तो रस पिऊन निघून जातो, पण त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ सडतं ते तिच्यामुळे.

गंमत अशी की याची अळी तुमच्या फळाकडे ढुंकूनही बघत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि तिच्या नात्यातल्या वेलींवर. कुंपणावर गुळवेल माजली असेल तर तो कारखाना तिथे चालू आहे. फळांना कागदी पिशव्या बांधा. आणि रात्री आठ-नऊनंतर टॉर्च घेऊन एक फेरी मारा, चोर रंगेहाथ सापडेल.

काजूगर
गुळवेल तर आईने मुद्दाम लावलीय. तापावर काढा करते. आता आईला काय सांगू?

मीठभाकर
सांग, तोरिंग किंवा काढा, एकच काय ते ठरव.

दुपारची झोप
माझी आजी (माहेर काणकोण) घरात मोठा पतंग आला की हाकलू द्यायची नाही. म्हणायची, म्हालगडे आलेत, बघून जातील. दिवा मालवायची आणि आम्हा पोरांना अंधारात जेवायला लावायची. वर "हात लावू नका, पंखांची भुकटी डोळ्यांत गेली तर आंधळे व्हाल" अशी तंबी. लहानपणी मी पतंगाला आणि पूर्वजांना सारखीच घाबरायचे. भुकटीचं खरं आहे का हो?

झाडपाला
ती भुकटी म्हणजे खवले. पंखांवर कौलांसारखे एकावर एक बसवलेले असतात, नक्षी त्यांचीच. डोळ्यांत गेले तर कुठलीही धूळ चुरचुरते तेवढं चुरचुरेल, आंधळं कोणी होत नाही. खाज सुटते ती कुसरुडांच्या (केसाळ अळ्यांच्या) केसांनी, आणि तीही सगळ्याच नव्हे.

दिवा मालवायची आजीची रीत मात्र झकास. पतंगाची सुटका त्यानेच होते.

उंबरठा
दिवा आणि पतंग म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रेम, समर्पण, जळून जाणं वगैरे. खरं कारण काय असतं? चंद्र समजून येतात असं शाळेत शिकवलं होतं.

रात्रकिडा
चंद्राची गोष्ट बरीच वर्षं चालली. 2024 मध्ये एक शोधनिबंध आला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपून त्यांनी दाखवलं की किडे दिव्याकडे झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. उडताना वर कुठे आणि खाली कुठे हे कळायला किड्याची साधी युक्ती आहे: जिकडे उजेड जास्त तिकडे पाठ ठेवायची. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे लाखो वर्षं हे चाललं. मग आपण बल्ब आणला. किडा बल्बाच्या बाजूने जाऊ लागला की पाठ तिकडे वळते, तो कलंडतो, कलंडला की वळण घेतो, आणि हेच चालू राहिल्याने तो घिरट्यांत अडकतो.

प्रेम वगैरे काही नाही. बिचाऱ्याला आकाश कुठे आहे तेच कळत नसतं.

उंबरठा
हे प्रेमापेक्षा वाईट आहे.

पाऊलवाट
ब्लू मॉर्मन मागे घेतो. पण एक शंका आहे. पतंग म्हणजे रात्री फिरणारा मळकट किडा ना? हा भर उन्हात एवढा नटून का फिरतोय? चिमण्या-बुलबुलांनी टिपला नसता का?

झाडपाला
आधी हिशेब बघा. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशे, पतंगांच्या दहा हजारांवर. मळकट ही ख्याती त्यातल्या काहींची. चंद्र पतंग बघा, फिकट पोपटी आणि मागे लांब शेपट्या. किंवा कण्हेरीवर नि तगरीवर वाढणारा तो हिरवा पतंग, लष्करी गणवेश घातल्यासारखा.

आणि दिवसा उडणारे पतंगही पुष्कळ आहेत. भडक रंग, संथ उडणं, कोणी जवळ आलं तरी पळायची घाई नाही: सहसा ही वागणूक 'मी कडू आहे, खाऊन बघायचं तर बघ' अशा पाटीची असते.

दुपारची झोप
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखं.

वडाची पारंबी
झाडपाला यांच्याशी थोडी असहमत. भडक दिसलं की विषारी, हे समीकरण फार सरसकट वापरलं जातं. रानातल्या कवडशांत जांभळट निळा रंग किती लपून जातो ते मी मोल्याला पाहिलंय. अगदी हाच पतंग, दूधसागरच्या वाटेवर. उन्हात होता तोवर दिसत होता, सावलीत शिरला आणि गेला कुठे ते कळेना. पाच पावलांवर होता. मला वाटतं, आधी कोणी पक्ष्याला तो खाताना किंवा थुंकताना बघावं, मग पाटी लावावी.

झाडपाला
मान्य. 'सहसा' लिहिलं होतं, पण मनात 'नेहमी' होतं.

शेवग्याची शेंग
जिऑमेट्रिडी म्हणजे काय? भूमितीशी काही संबंध?

रात्रकिडा
आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जमीन मोजणारा. हे नाव अळीमुळे पडलं. साधारण अळीला पुढे सहा खरे पाय आणि मागे मांसल खोट्या पायांच्या पाच जोड्या असतात. या कुळातल्या अळ्यांना खोट्या पायांच्या दोनच जोड्या, त्याही पार शेपटाकडे. मधलं अंग मोकळं. म्हणून चालताना ती पुढून पकडते, शेपूट ओढून तोंडापाशी आणते, पाठीची कमान होते, मग पुन्हा पुढे सरळ. वीत-वीत मोजत गेल्यासारखी. कोणी छेडलं की मागच्या पायांवर सरळ उभी राहते, काडी होऊन.

मीठभाकर
वीत-वीत जमीन मोजते, आणि साहेब आले की काडीसारखी ताठ उभी राहते. एक-चौदाचा उतारा, आमचा गोव्याचा सातबारा, पण देते का? माझा अर्ज चौदा महिने अडकलाय, अळीकडे देऊन बघतो.

काजूगर
@मीठभाकर, अळी निदान चालते तरी.

वडाची पारंबी
विनोद झाले असतील तर कुळागरातला यांना एक प्रश्न. पतंग बसला ते झाड कोणतं? त्याहून महत्त्वाचं, आसपास कुठली झाडं होती? फोटोवरून ओळख पटलीय असं सगळे धरून चाललोत, पण या पतंगाची अळी खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. कॅरालिया ब्रॅकिएटा नावाच्या झाडावर ती वाढते. मराठीत फणशी म्हणतात, कुठे पानशी. ते झाड व्हाळाकाठी सापडलं तर तुमचा पतंग कुठून आला तेही कळेल. खरं तर मी उलट दिशेने शोधते. पतंग हवेत असतो, झाड कुठे जात नाही.

कुळागरातला
झाडाकडे बघितलंच नाही. निळा रंग बघू की झाड? आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. पोचवला की परत जातो. झाड ओळखायचं कसं ते सांगून ठेवा.

वडाची पारंबी
पाणथळ जागा बघा. पानं समोरासमोर, जाड, वरून चकचकीत. फांदीच्या टोकाला कोवळ्या पानांवर टोकदार टोपी असते, मिटलेल्या छत्रीसारखी. मग एक पान उलटं करून खालची बाजू बघा, बारीक काळे ठिपके दिसतील, कोणी पेनाने टोचल्यासारखे. ओल्या जागेतलं जुनं झाड असेल तर बुंध्यापाशी हवेतून उतरणारी मुळंही असतात.

त्यात नवल नाही, फणशी कांदळाच्या कुळातली. भाऊबंद बरेचसे मांडवी-झुवारीच्या काठी खाऱ्या चिखलात उभे, आणि ही घाटाच्या पायथ्याशी गोड्या पाण्यावर. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे ना, रानजायफळीची दलदल आणि देवराय? तशी ओली जागा तिला मानवते.

म्हालगडो
बाय, फणशीचे नाव वाचून बरे वाटले. आमच्या वडिलांचा सुतारकीचा व्यवसाय होता. फणशीचे लाकूड आडवे-उभे नीट बघून चिरले तर फळीवर रुपेरी लहरी उमटतात. रंधा मारून तेल लावले की त्या चमकतात. वडिलांनी त्या लाकडाची एक पेटी केली होती, ती बहिणीकडे गेली. पतंगाविषयी मला काही ठाऊक नाही. झाड मात्र दाखवाल तर सांगेन.

उंबरठा
काका, पेटीचा फोटो मिळेल का?

म्हालगडो
बहीण देत नाही.

कुळागरातला
गणपती पोचवून आज सकाळी गेलो. पारंबीताई, दंडवत.

पतंग बसला होता तिथून वीस-पंचवीस पावलांवर, व्हाळ वळतो तिथे, झाड आहे. मी शंभरदा त्याच्याखालून गेलो असेन. पान उलटं केलं, काळे ठिपके आहेत. टोकाला मिटलेली छत्री आहे. बुंध्याला हातभर उंचीवरून चार-पाच मुळं खाली उतरलीत, त्यांच्या टोकांना चिखल. फोटो पाचवा म्हालगडो काकांसाठी.

आणि आता मुख्य बातमी. खालच्या फांदीवर तीन अळ्या! पिवळ्याधमक, हळदीत बुडवून काढल्यासारख्या, अंगावर काळपट निळे ठिपके. कोवळी पानं कडेकडेने कुरतडून करवतीसारखी केली होती. मामेभावाने फांदी हलवली तर एक खरंच ताठ उभी राहिली. मला लगेच मीठभाकरांचा उतारा आठवला.

मामेभाऊ एक अळी बरणीत घालून घेऊन आलाय, दोन डहाळ्यांसकट. त्याला पतंग निघताना बघायचाय.

म्हालगडो
हीच फणशी.

वडाची पारंबी
झाड आणि अळी दोन्ही सापडली, म्हणजे ओळखीत आता संशय नको. बरणीचं तेवढं पटलं नाही. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणायचं नसतं, तुमचा व्हाळ हद्दीच्या आत की बाहेर ते बघा.

कुळागरातला
मामाच्याच जमिनीत आहे, उताऱ्यावर नाव आहे. :)

रात्रकिडा
मग रोज ताजी पानं, बरणीच्या तोंडाला झाकण नको, सुती फडकं बांधा. डहाळी पाण्यात ठेवली तर पाण्याच्या भांड्याच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळी बुडून मरेल. विष्ठा रोज झटकायची, दमट राहिलं की बुरशी. पूर्ण वाढली की ती पान ओढून दुमडेल, रेशमाने शिवेल आणि आत कोष करेल. तेव्हा हात लावू नका.

कुळागरातला
दोन आठवड्यांनी लिहितोय. अळीने सांगितल्यासारखं पान शिवलं. मामेभाऊ शाळेतून आला की आधी बरणी, मग जेवण. काल सकाळी फडक्याच्या आत फडफड ऐकू आली म्हणून घरात आरडाओरडा झाला, सगळे जमलो. बघतो तर माशी. घरमाशीपेक्षा जरा मोठी, राखाडी, पाठीवर राठ केस. कोषाला भोक. मामेभाऊ रडायचाच बाकी होता. विचारतो, निळ्याची माशी कशी झाली?

रात्रकिडा
झाली नाही, आधीपासून आत होती. वर्णनावरून टॅकिनिड माशी वाटते. यांच्या अळ्या दुसऱ्या अळीच्या अंगात वाढतात. ती बिचारी खाते, वाढते, पान शिवते, आणि तिच्या आत दुसऱ्याचंच पोर पोसलं जात असतं. तुम्ही बरणीत घातली तेव्हाच पाहुणा मुक्कामाला असणार. मामेभावाची काही चूक नाही, त्याला सांगा. उलट आम्ही पुष्कळ लोक फक्त पतंगांचे फोटो जमवतो, त्याने अर्धं रान एका बरणीत पाहिलं.

दुपारची झोप
म्हालगड्यांच्या जागी भलतंच कोणी बघून गेलं म्हणायचं.

मीठभाकर
जागा एकाची, आत राहून वाढला दुसरा, शेवटी बाहेर आला तो मालक. चला, कुळ कायदा पतंगांनाही लागू आहे.

पाऊलवाट
बाकीच्या दोन अळ्यांचं काय झालं?

कुळागरातला
काल संध्याकाळी जाऊन आलो. अळ्या दिसल्या नाहीत, पण वरच्या फांदीवर दोन पानं शिवलेली आहेत. तिथेच राहू दिली. येताना मामा भेटला. तो व्हाळाच्या त्या काठावर साफसफाई करून पोफळी वाढवायच्या विचारात होता, झाडाला खूण पण केली होती. मी त्याला सगळा धागा वाचून दाखवला, एक-चौदाचा विनोद दोनदा. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "राहूं दी तें झाड. पण तुझे हे सगळे लोक पुढच्या चवथीला बघायला येणार असतील तर त्यांना सांग, आधी आमची सुपारी सोलायची."

काजूगर
मी येतो. कवंडळं पण आणतो, मामीला सांग.